कोळी-खेकडे ओळखण्यासाठी दहापटीचे घडीचे भिंग

खडकाळ किनाऱ्यावरचे लहान कोळी-खेकडे ओळखता यावेत म्हणून घेतलेले दहापटीचे घडीचे भिंग मी वर्षभर ओहोटीच्या वेळी वापरत आहे. त्याची काच उत्तम आहे. ती ज्या चौकटीत बसवली आहे, ती मात्र खाऱ्या पाण्याचा विचार करून बनवलेली नाही.

या खेकड्यांच्या अंगावर आकड्यासारखे वळलेले केस असतात आणि त्यांत ते शेवाळाचे वा स्पंजाचे तुकडे स्वतःच्या नांग्यांनी अडकवून ठेवतात, त्यामुळे पाठीचा त्रिकोणी आकार नुसत्या डोळ्यांना कळतच नाही. पांढऱ्या ताटलीत थोडे समुद्राचे पाणी घेऊन त्यात शेवाळाचा असाच एक पुंजका ठेवला आणि भिंग साधारण अडीच सेंटिमीटरवर आणले, तेव्हा प्रत्येक आकड्यात अडकलेला हिरवा धागा वेगळा दिसला आणि मग त्या गुंत्यातून डोळ्यांच्या पुढे आलेले एकच लांब टोक. मेनीथियस मोनोसेरस या जातीची हीच खूण आहे आणि तिच्या नावाचा अर्थही ‘एकशिंगी’ असाच होतो. हायस्टेनस या कोळी-खेकड्यांच्या दुसऱ्या गटात दोन शिंगे एकमेकांपासून फाकलेली असतात, तर मॅक्रोपोडिया या आणखी एका गटात ती जवळजवळ चिकटलेली असतात. हा फरक भिंगाने निर्विवाद दाखवला. पोटाखाली दुमडलेली शेपटी अरुंद असल्यास नर आणि रुंद असल्यास मादी, हेही त्यातून स्पष्ट होते.

मात्र, दहापट हे प्रमाण अख्खा प्राणी पाहण्यासाठी जास्तच आहे. खेकडा जरा सरकला की तो नजरेतून निसटतो आणि पाय मोजणे अशक्य होते. समुद्रकोळ्याशी, म्हणजे कोळ्यासारख्या दिसणाऱ्या पण खेकडा नसलेल्या सागरी प्राण्याशी, गल्लत टाळायची असेल, तर पायांकडे पाहावेच लागते, कारण त्याला बहुधा आठ पाय असतात, तर खेकड्याला नांग्या धरून दहा. यासाठी पाचपटीचे साधे भिंग अधिक सोयीचे ठरते.

भिंगाभोवतीचा दिवा ओल्या कवचावर असा चकाकतो की दिसत असलेलेही दिसेनासे होते. मी तो वापरणे सोडून दिले. बिजागरीच्या स्क्रूवर दोन महिन्यांतच गंज चढला, तोही प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन पुसल्यानंतर. घ्यायचेच असेल, तर दिवा नसलेला आणि स्टेनलेस स्टीलचा स्क्रू असलेला प्रकार घ्यावा.