टाचेमागची नस तुटली होती, धंतोलीत ऑपरेशन केलं: आधीची तयारी फार नीट करून घेतात

दादाचं ॲकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोर, बॅडमिंटन खेळताना पूर्ण तुटलं. फट् आवाज आला, त्याला वाटलं मागून कोणीतरी लाथ मारली, वळून पाहिलं तर मागे कोणीच नाही. आधी घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं तर तिथे एक्स-रे नॉर्मल आहे, पाय मुरगळलाय म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. अहो टेंडन एक्स-रेमध्ये दिसतच नाही! ह्याचा राग अजून येतो.

मग नागपुरात धंतोलीतल्या ह्या हॉस्पिटलमध्ये आलो. डॉक्टरांनी दादाला टेबलवर पालथं झोपवलं, पावलं काठाबाहेर ठेवली आणि पोटरी दाबली. चांगल्या पायाची दाबली की पंजा हलायचा, दुसरा जागचा हलला नाही. निदान तिथंच झालं, सोनोग्राफी फक्त तुटलेल्या टोकांमध्ये अंतर किती ते बघायला. आणि लगेच ॲडमिट व्हा असंही नाही, पाऊल जागेवर धरून ठेवणारा खास बूट घालून आणि लवकर फिजिओ सुरू करून बिनाऑपरेशनचंही जुळू शकतं, त्यात पुन्हा तुटायचा धोका थोडा जास्त, ऑपरेशनमध्ये जखम चिघळायचा आणि बाजूच्या बारीक नर्व्हला (संवेदनेच्या नसेला) इजा व्हायचा धोका, हे सगळं कागदावर पायाचं चित्र काढून समजावलं, मग दादाने ऑपरेशन ठरवलं.

मला सगळ्यात आवडली ती तयारी. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाता का हा पहिलाच प्रश्न, नागपूरचे डॉक्टर न! टाचेच्या जरा वर जिथं टेंडन तुटते तिथं रक्तपुरवठा आधीच कमी, त्यात तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात मग जखम भरत नाही, म्हणून खर्रा तेव्हापासूनच बंद आणि जखम भरेपर्यंत बंदच. शुगर तपासली, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारलं, स्वतःच्या मनाने कुठलीच गोळी बंद करू नका म्हणून बजावलं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड एवढ्यात घेतलं होतं का हेही विचारलं, त्याने टेंडन कमजोर होऊ शकते हे मला पहिल्यांदा कळलं. जेवण ऑपरेशनच्या 6 तास आधीपर्यंत, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत, चहा दुधाचा म्हणून तो जेवणातच धरायचा. पायाचे केस घरी रेझरने काढू नका, बारीक कापलं तरी इन्फेक्शनची भीती, ते इथंच मशीनने काढतात. सिस्टरनी तर वॉकर घेऊन एका पायावर चालायची आणि संडासात बसायची प्रॅक्टिस आदल्या दिवशीच करून घेतली, नंतर ती इतकी कामी आली की विचारू नका.

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन, पालथं झोपवून झालं. नंतर पंजा खाली झुकवून स्लॅब (अर्धं प्लास्टर), साधारण 2 आठवड्यांनी टाके काढले, मग टाचेखाली उंचवटे घातलेला बूट. पळणं-खेळणं 6 महिन्यांच्या आधी नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, पोटरी सुजली दुखली किंवा दम लागला तर थांबू नका लगेच या, रक्ताची गाठ असू शकते, हेही.

तक्रार म्हणाल तर पार्किंगची, धंतोलीत दुखऱ्या पायाचा माणूस गाडीतून उतरवायचा म्हणजे दिव्य आहे, आणि मेडिक्लेमच्या काउंटरवर कोणी धड बोलत नाही, बूट बिलात धरलाय की वेगळा घ्यायचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. जाणार असाल तर चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या, नुसती नावं सांगून भागत नाही, ते पट्टी हातात घेऊन वाचतात.