व्होकलीझ : चार गळे, अख्खा वाद्यवृंद

मॅनहॅटन ट्रान्स्फर या चार गायकांच्या अमेरिकन गटाचा 'व्होकलीझ' (1985) हा अल्बम ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐकू नका. गाडीच्या खडखडाटात आधी खालचा स्वर हरवतो आणि मग चार आवाजांची बांधणी पोकळ वाटते. घरी दोन स्पीकर अंतरावर ठेवून ऐका. फोनच्या स्पीकरवर चौघांचा निव्वळ लगदा होतो.

जॅझमधल्या गाजलेल्या वादनावर, अगदी सोलोंवरही (एकट्या वादकाच्या तुकड्यांवर), इथे शब्द बसवलेत; यालाच व्होकलीझ म्हणतात. शब्द सगळे जॅझ गायक-गीतकार जॉन हेंड्रिक्सचे. 'सिंग जॉय स्प्रिंग'मध्ये क्लिफर्ड ब्राऊनच्या ट्रम्पेटची धाव गळ्यातून येते. आपल्या बोलतानेसारखंच, पण अक्षरं इतकी दाट की ओळी समोर नसतील तर निम्मी निसटतात. आधी ओळी वाचा, मग गाणं लावा.

'अनदर नाइट इन ट्युनिशिया'त गळ्यातून वाद्यांचे आवाज काढणारा गायक बॉबी मॅकफेरिन आहे. तेवढ्यासाठीही अल्बम घ्यावा. 12 ग्रॅमी नामांकनं उगाच नाही मिळाली. खटकतो तो काही गाण्यांतला सिंथेसायझर, ऐंशीच्या दशकाचा शिक्का मारल्यासारखा. (काउंट बेसी ऑर्केस्ट्रा या जॅझ वाद्यवृंदाच्या साथीचं 'ब्ली ब्लॉप ब्लूज' मात्र आजही ताजं.)

सुरुवात 'रेज रॉकहाउस'ने करा. वेगवान 'एअरेजिन' पाहुण्यांना पहिल्याच फेरीत ऐकवलंत, तर ते चहा न घेताच उठतील.