माद्रिद, सेव्हिल की ग्रानादा? दिवसा टीव्हीवर विज्ञान, रात्री फ्लेमेंको

स्पेनमधल्या एखाद्या वाहिनीकडून विज्ञानाच्या कार्यक्रमासाठी बोलावणं आलं, की पुण्या-मुंबईतला शास्त्रज्ञ आधी व्हिसाचं बघतो, मग काय बोलायचं त्याचं. तिकीट हातात पडलं की घरचे विचारतात, "जाताच आहात तर फ्लेमेंको बघणार ना?" प्रश्न रास्त आहे, पण 'कुठे बघायचं' यावर मिळणारे सल्ले बहुतेक एकाच साच्यातले असतात: गाणं, गिटार आणि टाचांचा नाच असलेलं खरं फ्लेमेंको आंदालुसियातच (म्हणजे सेव्हिल-ग्रानादाच्या दक्षिणेकडच्या प्रांतात), माद्रिदमधलं पर्यटकांसाठी. हे ऐकून लोक माद्रिदचं रेकॉर्डिंग संपताच बॅग ओढत सेव्हिलची गाडी पकडतात आणि रात्री खुर्चीत बसल्या बसल्या पेंगतात. मला विचाराल तर हिशेब सरळ आहे. मुलाखत ज्या शहरात, फ्लेमेंको त्याच शहरात. शहर बदलायचंच असेल तर एक जास्तीची रात्र हाताशी हवी.

आधी माद्रिद, कारण राष्ट्रीय वाहिनीचं बोलावणं बहुधा इथलं असतं. आरटीव्हीईचा (म्हणजे स्पेनच्या सरकारी दूरचित्रवाणीचा) मोठा स्टुडिओ-परिसर प्रादो देल रेला आहे, शहराच्या पश्चिमेला पोसुएलो दे आलार्कोनमध्ये. बातम्यांचं केंद्र मात्र तोरेस्पान्याला, 1982 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी उभारलेल्या मनोऱ्याच्या पायथ्याशी. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून बरीच लांब, म्हणून 'आरटीव्हीईला या' एवढ्यावर टॅक्सीत बसू नका, नेमका पत्ता मागून घ्या. विज्ञानाचे कार्यक्रमही दोन जातींचे. एदुआर्द पुनसेत यांचा 'रेदेस' 1996 मध्ये सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. समोरासमोर बसून निवांत गप्पा, परदेशी पाहुणे बऱ्याचदा इंग्रजीत बोलायचे. 2014 मध्ये आलेला 'ऑर्बिता लायका' वेगळ्या घाटाचा: प्रेक्षक, विनोद, छोटे प्रयोग आणि मधेच पाहुण्याशी बोलणं. पहिल्या प्रकारात तास-दीड तासात मोकळं होता येतं. दुसऱ्या प्रकारात प्रकाशयोजना, तालीम, पुन्हा एकदा घेऊया असं करत संध्याकाळ कधी झाली ते कळत नाही. तुमचा कार्यक्रम कुठल्या जातीचा आहे हे निर्मात्याला आधीच विचारा, कारण रात्रीचं तिकीट त्यावर ठरतं.

आता माद्रिदच्या फ्लेमेंकोला 'नकली' म्हणणाऱ्यांविषयी. आंदालुसियातले उत्तम नर्तक, गायक, गिटारवादक कामासाठी माद्रिदला येतात आणि पुष्कळ जण तिथेच राहतात. आंतोन मार्तिनच्या भाजी-मासळीच्या मंडईच्या वरच्या मजल्यावर 'आमोर दे दियोस' ही नृत्यशाळा आहे. खाली कांदे-बटाटे तोलले जात असतात आणि वर देशोदेशीचे विद्यार्थी टाचा आपटत असतात. त्यामुळे ताब्लाओमध्ये (म्हणजे लाकडी मंच असलेल्या फ्लेमेंकोच्या खास जागेत) रात्री कोण उभं राहील याला तोटा नाही. 'कोराल दे ला मोरेरिया' 1956 पासून राजवाड्याजवळ चालू आहे. तिथे जेवणालाही मिशेलिनचा तारा मिळालेला आहे आणि बिलही त्याच उंचीचं येतं. 'तोरेस बेर्मेखास' आणि 'कार्दामोमो' मध्यवर्ती भागात. जुन्या लेखांत हमखास सापडणारं 'कासा पातास' 2020 च्या महामारीत बंद पडलं, ते यादीतून काढून टाका.

माद्रिदची खोड वेगळी आहे. जेवणासकट तिकीट घेतलं की सोलेआ (फ्लेमेंकोतला एक संथ, गंभीर प्रकार) ऐन रंगात आलेली असताना वेटर काटे-चमचे उचलायला येतो. म्हणून फक्त पेयासह असलेलं तिकीट घ्या, साधारण चाळीस युरोंच्या आसपास मिळतं, आणि जेवण बाहेर करा.

सेव्हिलचं आमंत्रण आलं तर मात्र नशीबवान आहात. आंदालुसियाची वाहिनी कानाल सुर कार्तुखा बेटावर आहे, 1992 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या आंदालुसियाच्या दालनात. तिथून नदीकाठानं खाली चालत गेलं की त्रियाना, कुंभारांची, खलाशांची आणि जिप्सी घराण्यांची जुनी वस्ती. स्टुडिओपासून गाण्याच्या वस्तीपर्यंत चालत जाता येतं ही सोय माद्रिदला नाही. शिवाय जागा लहान. 'कासा दे ला मेमोरिया'त माईक नसतो, गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. सांता क्रूसमधलं 'लोस गायोस' 1966 पासूनचं. क्रिस्तिना ओयोस या नर्तकीनं उभारलेल्या नृत्यसंग्रहालयात दिवसा वस्तू पाहायच्या आणि संध्याकाळी तिथेच कार्यक्रम. दरही माद्रिदपेक्षा हलके, बरेचदा वीस ते तीस युरो. सम वर्षांच्या सप्टेंबरमध्ये इथे 1980 पासून बिएनाल हा फ्लेमेंकोचा महोत्सव भरतो, तेव्हा मोठी नावं येतात आणि हॉटेलांचे दर आभाळाला भिडतात. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीपार जातो, नागपूरकरांना त्याचं विशेष वाटणार नाही, पण दुपारी चारला मेकअप करून बाहेर चित्रीकरण करायचं असेल तर सांगून ठेवतो.

माद्रिदहून सेव्हिलला 'आवे' ही वेगवान गाडी 1992 पासून आहे, साधारण अडीच तास. कागदावर हे सोपं दिसतं. पण रेकॉर्डिंग लांबलं की साखळीतली पुढची प्रत्येक कडी तुटते: गाडी, हॉटेल, तिकीट. रात्री साडेसातचा खेळ गाठायला चार-साडेचारला माद्रिदच्या आतोचा स्थानकाहून निघावं लागेल, आणि 'ऑर्बिता लायका'च्या धाटणीच्या कार्यक्रमात तेवढ्यात सुटका होईलच असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघा, हरकत नाही. त्याच संध्याकाळी नको.

ग्रानादा हा तिसरा पर्याय, आणि खगोलशास्त्राशी संबंध असलेल्यांसाठी माझ्या मते सगळ्यात रसाळ. आंदालुसियाची खगोलभौतिकी संस्था (आयएए) 1975 पासून इथे आहे. शहरावर सावली धरणाऱ्या सिएरा नेवादात, पिको वेलेता शिखराजवळ सुमारे 2850 मीटर उंचीवर 30 मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. कृष्णविवराची जी चित्रं 2019 आणि 2022 मध्ये जगानं पाहिली, त्या 'इव्हेंट होरायझन टेलिस्कोप'च्या जाळ्यात ही दुर्बीण होती. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या तबकड्या पाहिलेल्यांना ही छोटी वाटेल. पण खोडदच्या तबकड्या मीटरभर लांबीच्या लहरी टिपतात, म्हणून तारेच्या जाळीनं भागतं. वेलेताची दुर्बीण मिलिमीटरच्या लहरी टिपते, तिथे पृष्ठभागात केसाएवढी चूकही चालत नाही. पुण्याच्या खगोलशास्त्रज्ञाला कॅमेऱ्यासमोर हा फरक समजावून सांगायला याहून चांगली पार्श्वभूमी मिळणार नाही. हिवाळ्यात आजूबाजूला लोक बर्फावर घसरत असतात, ते दृश्यात घ्यायचं की टाळायचं हे दिग्दर्शकावर सोडा.

रात्री साक्रोमोंते, ग्रानादाची जुनी जिप्सी वस्ती. टेकडीत कोरलेल्या, चुन्यानं पांढऱ्या केलेल्या गुहा, भिंतींवर टांगलेली तांब्याची भांडी, दोन्ही बाजूंनी भिंतीला लावलेल्या खुर्च्या आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नाच. नर्तकीचा घेर तुमच्या गुडघ्याला लागतो. इथल्या जिप्सींच्या लग्नसोहळ्यांतून आलेली 'झांब्रा' ही नाचगाण्याची पद्धत हीच इथली खासियत. तोटा असा की हॉटेलातून उचलून, एक पेय पाजून, परत सोडणारी पॅकेजं इथे सर्वांत जास्त आणि त्यांतले काही खेळ उरकल्यासारखे होतात. गुरुवारी पोहोचत असाल तर 'ला प्लातेरिया' उघडी आहे का ते बघा. 1949 मध्ये सुरू झालेली ही रसिकांची मंडळी, इथे श्रोते जाणकार असतात आणि गायकालाही ते ठाऊक असतं. संगीतकार मानुएल दे फाया आणि कवी लोर्का यांनी 1922 मध्ये याच शहरात, अलहंब्राच्या आवारात, जुन्या गायकीची स्पर्धा भरवली होती. गाणं ऐकायचं असेल तर ग्रानादा, नाच बघायचा असेल तर माद्रिद, दोन्ही थोडं थोडं आणि चालत जाण्याच्या अंतरावर हवं असेल तर सेव्हिल.

बार्सिलोनाचं आमंत्रण आलं तर? महान नर्तकी कार्मेन आमाया तिथलीच, म्हणजे शहराला परंपरा नाही असं नाही. प्लासा रेआलमधल्या 'तारांतोस'चे छोटे खेळ वेळ कमी असणाऱ्यांना बरे. फ्लेमेंकोसाठी म्हणून मुद्दाम बार्सिलोना मी तरी निवडणार नाही.

शहर ठरलं, आता घड्याळ. उन्हाळ्यात भारत स्पेनच्या साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. रात्री साडेदहाचा खेळ म्हणजे तुमच्या शरीराच्या हिशेबानं पहाटेचे दोन किंवा तीन. उशिराच्या खेळात कलाकार मोकळे होतात, पण मुंबईहून काल उतरलेल्या माणसानं पहिलाच खेळ घ्यावा. आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री तर जाऊच नये. डोळ्यांखालची सूज मेकअपवाल्यालाही झाकता येत नाही.

मुलाखतीचं थोडं. बारीक रेघांचे शर्ट पडद्यावर लहरत दिसतात, टाळा. साडी नेसणाऱ्यांनी परकराची नाडी घट्ट बांधावी, कारण माईकचं यंत्र तिथेच खोचलं जाणार. जरीचा पदर दिव्याखाली चकाकतो, आणि बांगड्या तर काढूनच ठेवा, हात हलवला की प्रत्येक किणकिण छोट्या माईकमध्ये जाते. प्रश्न स्पॅनिशमध्ये आणि कानात दुभाष्याचं इंग्रजी असं असेल, तर प्रश्न संपल्यावर दोन सेकंद थांबा. वाक्यं छोटी ठेवा, आकडा सांगाल तो एकदाच सांगा.

तिकीट काढताना पहिल्या रांगेच्या टोकाची खुर्ची मिळते का बघा. मधून फक्त नर्तकी दिसते. टोकावरून गिटारवादकाची नजर दिसते, ती सतत तिच्या टाचांवर असते, कारण लय कधी तोडायची, कधी पुन्हा उचलायची हे ती पायांनी सांगते. सोलेआ आणि बुलेरिया या प्रकारांत बारा मात्रांचं आवर्तन असतं, पण एकताल कानात मुरलेल्यांची इथे गंमत होते. सोलेआत जोर बारा, तीन, सहा, आठ आणि दहावर पडतो, आणि ओळ पुष्कळदा दहाव्या मात्रेवर येऊन विसावते. पहिल्या मात्रेवर सम शोधत बसलात तर सारखं चुकल्यासारखं वाटेल, दहावर कान ठेवा. आणि टाळ्यांनी साथ देऊ नका. तिथे टाळी हे वाद्य आहे, ती वाजवणारे मंचावर बसलेले असतात. 'ओले' म्हणायला हरकत नाही, आपल्या 'क्या बात है' इतकंच ते सहज आहे, फक्त जागा बरोबर हवी.

शाकाहारींचे हाल तिन्ही शहरांत सारखे नाहीत. सेव्हिलमध्ये पालक-छोल्यांचा 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' मिळतो, ग्रानादात वरून उसाची काकवी घातलेली वांग्याची भजी. साल्मोरेखो (टोमॅटोचं दाट, थंड सूप) मागवताना वर हॅम नको म्हणून सांगा, नाहीतर ते येतंच. माद्रिदमध्ये रात्री साडेआठच्या आधी धड जेवण मिळणं कठीण, तेव्हा पहिला खेळ गाठायचा तर स्टुडिओतलं सँडविच पिशवीत टाका.

शेवटी व्हिसाच्या कागदांकडे लक्ष द्या. वाहिनीच्या निमंत्रणपत्रात बहुधा चित्रीकरणाचाच दिवस असतो. दोन रात्री वाढवायच्या असतील तर त्यांचं हॉटेल बुकिंग, गाडीचं तिकीट आणि सगळे दिवस धरून किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा स्वतःहून अर्जाला जोडा. तारखा एकमेकांशी जुळत नसतील तर प्रश्न विचारले जातात.