व्हीलचेअरसाठी वाढवलेली खोली आणि बाथरूम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मापं बहुतेक बरोबर निघाली. डोकेदुखी झाली ती पाण्याची आणि जुन्या-नव्या बांधकामाच्या सांध्याची. घराला लागून खोली काढून तिला असं बाथरूम जोडायचं असेल, तर टाईल्सचा रंग नंतर बघा. पाणी कुठून कुठे वाहणार ते आधी कागदावर काढा.

उंबरठा नको असेल तर बाथरूमचा स्लॅब खोलीपेक्षा खाली घ्यावाच लागतो. वॉटरप्रूफिंग, उताराचा कोबा (उतार देणारा सिमेंटचा थर), टाईलचा गिलावा आणि टाईल यांत ७० ते १०० मिमी सहज जातात. एवढी जागा स्लॅब भरतानाच सोडली नाही, की दाराशी चढ येतो आणि सगळा हेतूच फसतो. आंघोळीच्या जागेला ५० ला १ उतार आहे, म्हणजे १२०० मिमी अंतरात २४ मिमी. बाकी फरशीला १०० ला १ पुरतो. मधोमध निचऱ्याची जाळी ठेवून चारी बाजूंनी उतार देणं गवंड्यांच्या हातात बसलेलं असतं, पण त्यावर शॉवर चेअरची चार चाकं वेगवेगळ्या पातळीवर येतात आणि खुर्ची डुगडुगते. म्हणून मागच्या भिंतीलगत भिंतभर लांब जाळी आणि एकाच दिशेचा उतार घ्या. या एका निर्णयाचं समाधान रोज मिळतं. तरीही ५० ला १ वर ब्रेक न लावलेली खुर्ची हळूहळू सरकतेच, तेव्हा चारही चाकांना ब्रेक हवेत.

टाईल लावण्याआधी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं, वास अडवणारं तोंड) बंद करून पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि ४८ तास थांबा. खूण आणि पाणी यांत फट पडली तर गळती भिंत-फरशीच्या कोपऱ्यात किंवा ट्रॅपच्या गळ्याशीच असण्याची शक्यता जास्त. कोपऱ्यांत वाटा (सिमेंटची गोलाई) मारून त्यावर कापडासारख्या जाळीची पट्टी चिकटवलेली हवी.

वापरात दिसलेला मोठा दोष म्हणजे लांब जाळीखाली केस आणि साबण साचतो. निचरा मंदावला की पाणी थेट दाराकडे येतं, कारण अडवायला उंबरठाच नाही. जाळी आठवड्यातून एकदा उचलून धुवावी लागते. दाराच्या आत दुसरी अरुंद जाळी घ्यायला हवी होती, असं आता ठाम मत आहे.

सांध्याचं असं, की नवा पाया भार आल्यावर थोडा बसतो, जुना बसून झालेला असतो. दोघांना प्लास्टरने एकजीव केलं तर भेग पडणारच. भिंतीत २० ते २५ मिमी फट सोडून लवचिक सीलंट भरा, फरशीवर सांध्याच्या बरोबर वर टाईल पसरू नका. इथे दाराशी ३ मिमीची पायरी तयार झाली. माणूस चालताना ती जाणवतही नाही, पण पुढची छोटी चाकं तिथे अडतात आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. तिरप्या कडेची धातूची पट्टी बसवून ते सुटलं. पट्टी एकाच बाजूला स्क्रूने धरा, दुसरी बाजू मोकळी सरकू द्या.

ग्रॅब बारचा (धरून उठा-बसायच्या दांड्याचा) आधार भिंतीत असतो, बारमध्ये नाही. हलक्या किंवा पोकळ ब्लॉकमध्ये साधे फास्टनर काही महिन्यांत ढिले होतात. बार येणार त्या उंचीला, साधारण ७०० ते ९०० मिमीच्या दरम्यान, काँक्रीटचा पट्टा भरून घ्या आणि टाईलआधी फोटो मापासकट काढून ठेवा. बार आणि भिंत यांत ३५ ते ४० मिमी पुरे. जास्त ठेवलं तर तोल जाताना हात आत अडकतो. कमोडच्या मोकळ्या बाजूला घडीचा बार हवा, म्हणजे खुर्ची शेजारी लागते.

कमोडची उंची तक्त्यातून घेऊ नका. व्हीलचेअरची गादी माणूस बसल्यावर दबते, तेव्हाची उंची मोजा आणि सीट तिच्या बरोबरीला आणा. भिंतीवर टांगायचा कमोड यासाठीच सोयीचा.

सरकत्या दारासाठी पल्ला १००० मिमीचा घेतला, कारण हँडल आणि स्टॉपर ५० ते ६० मिमी खातात आणि मोकळे ९०० च्या आसपास उरतात. आत वळायला १५०० मिमीचं वर्तुळ आहे, ते पुरतं. बेसिनखाली ७०० मिमी मोकळं आहे, ट्रॅप मागे सरकवलाय, गरम पाण्याच्या पाइपला आवरण आहे, कारण पायाला संवेदना नसेल तर भाजलेलं कळतही नाही. त्याच कारणाने शॉवरला थर्मोस्टॅटचा मिक्सर (पाण्याचं तापमान ठरलेलं ठेवणारा नळ) आहे आणि तो ४१ अंशांवर अडकवलाय.

राहिलेलं काम: मदतीच्या घंटीची दोरी. ती फरशीपासून १०० मिमीपर्यंत खाली यायला हवी, पडलेल्या माणसाचा हात पोहोचेल इतकी. सध्या ती कमोडच्या उंचीवरच संपते.