मांजराच्या पिल्लाची व्हिटॅमिनं: सात महिन्यांचा वापर, आणि एका रेघेचा ड्रॉपर

बाटलीवर छापलंय: तीन महिन्यांखालच्या पिल्लाला रोज अर्धा मिली. सोबतच्या ड्रॉपरवर रेघ मात्र एकच, ती एक मिलीची. मल्टिव्हिटॅमिन थेंबांबद्दल सगळ्यात मोठी तक्रार ही आहे आणि सात महिन्यांनंतरही ती तसूभर कमी झालेली नाही. दुसऱ्या महिन्यात ड्रॉपरचं रबर औषधातल्या तेलानं फुगून सैल पडलं. बदली मागितली तर उत्तर आलं, ड्रॉपर वेगळा मिळत नाही, अंदाजे द्या. आठशे ग्रॅमचं पिल्लू म्हणजे साठ किलोच्या माणसाचा पंचाहत्तरावा भाग. त्याला अंदाज चालत नाही, कारण अ आणि ड ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळणारी, शरीरात साठणारी आहेत. ब गटातली जास्त झाली तर बहुतेक लघवीतून जातात (लघवी गर्द पिवळी दिसते ती रायबोफ्लेविन या ब-२ जीवनसत्त्वामुळे, घाबरू नका), पण अ आणि ड साचत राहतात.

उपाय स्वस्त आहे. इंदूरच्या दवा बाजारातून एक मिलीची ट्यूबरक्युलिन सिरिंज आणा, सुई काढून टाका. तिच्यावर ०.०१ मिलीपर्यंतच्या रेघा असतात. दुकानदार पुष्कळदा इन्सुलिनची सिरिंज पुढे करतो, तिथे नीट बघा. लाल झाकणाची यू-४० असेल तर १ मिली म्हणजे ४० युनिट, म्हणून अर्धा मिली २० वर येतो. नारिंगी झाकणाच्या यू-१०० वर तोच अर्धा मिली ५० वर येतो. दोन्ही घरात असतील तर कधीतरी घोळ होणारच, शिवाय बऱ्याच इन्सुलिन सिरिंजांची सुई निघतच नाही. म्हणून ट्यूबरक्युलिनच घ्या. रोज कोमट पाण्यानं धुवा. तेलकट औषधानं दट्ट्या अडकायला लागला की नवी काढा, कारण अडकलेला दट्ट्या एकदम सुटतो आणि सगळं औषध घशात जातं. ‘वीस थेंब म्हणजे एक मिली’ हा हिशेब पाण्यासारख्या पातळ औषधाचा आहे, जाड सिरपला तो लावू नका.

देताना पिल्लाचं डोकं मागे वाकवायचं नाही. सुळ्याच्या मागे ओठाच्या कडेला फट असते, तिथून ०.२ मिली सोडायचं, गिळू द्यायचं, मग पुढचं. तेलकट औषध श्वासनळीत गेलं तर ठसका लागेलच असं नाही. ते गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो.

जेलची ट्यूब चार महिने चालवली. चव पिल्लांना आवडते, पुढच्या पंजावर लावलं की चाटून टाकतात, झटकलं तर भिंतीवर. मापाची बोंब इथेही आहे: ‘एक इंचाची पट्टी’. जानेवारीच्या सकाळी जेल घट्ट असतं, पट्टी जाड पडते. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशीपार गेला की तेच जेल पातळ होऊन पसरतं. इंच तोच, वजन निराळं. बटर पेपरवर पट्टी पिळून काट्यावर ठेवा, म्हणजे फरक दिसेल. जेलात माल्ट आणि तेल भरपूर असतं, म्हणजे ते मुख्यतः कॅलरीचं टॉनिक आहे. आजारातून उठलेल्या, खात नसलेल्या पिल्लाला दोन-चार दिवस द्यायला ते उत्तम. रोजच्या व्हिटॅमिनसाठी ते महागात पडतं.

पहिल्या महिन्यानंतर लिहिलं असतं तर थेंबांना पाचपैकी चार दिले असते. अंगावरचे केस चमकायला लागले होते, आठवड्याला शंभर ग्रॅमच्या आसपास वजन वाढत होतं. तिसऱ्या महिन्यात थेंब पूर्ण बंद केले. वजन तसंच वाढत राहिलं, केस तसेच राहिले. फरक पडला होता तो जंताच्या औषधानं आणि पिल्लांच्या आहारानं, बाटलीनं नव्हे. पोट ढोलासारखं, पाठ हाडकुळी, केस राठ, हे चित्र बघून लोक व्हिटॅमिन आणायला धावतात. ते बहुतेक वेळा गोलकृमींचं असतं. आधी विष्ठा तपासून घ्या, जंतनाशक वजनावर मोजून द्या, पिसवा बघा. (कुत्र्यांचं परमेथ्रिनवालं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका, जीव जातो.)

मत बदलायचं दुसरं कारण म्हणजे लेबल. खाण्याच्या पाकिटावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ आणि त्यासोबत ‘किटन’, ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ असेल तर त्यात जीवनसत्त्वं आधीच मोजून घातलेली असतात. अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या आफको या संघटनेच्या मानकानुसार वाढत्या पिल्लाच्या एक किलो कोरड्या अन्नात व्हिटॅमिन अ किमान ६,६६८ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) आणि ड किमान २८० आययू लागतं. पिल्लू दिवसाला ५० ग्रॅम खात असेल तर अ साधारण ३३३ आययू आणि ड १४ आययू, एवढीच गरज. आता एक चमचा कॉडलिव्हर ऑइल घ्या: त्यात अ सुमारे ४,५०० आययू, म्हणजे गरजेच्या तेरापट. महिनोन् महिने असं चाललं की मानेच्या मणक्यांवर हाड वाढतं, मान वळत नाही. रोज काळीज खाऊ घालण्यातही हाच धोका आहे. शंभर ग्रॅम कोंबडीच्या काळजात सुमारे ११,००० आययू असतं. आठवड्यातून एक-दोनदा अंगठ्याएवढा तुकडा पुरे.

आणि घरात माणसांसाठी आणलेली व्हिटॅमिन डी-३ ची ६०,००० आययूची पुडी? पिल्लाच्या रोजच्या किमान गरजेच्या हिशेबानं ती चार हजारांहून जास्त दिवसांची होते. त्यातलं चिमूटभरही देऊ नका. रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या, खूप तहान, मग मूत्रपिंडात चुना साचतो. कॅल्शियमच्या सिरपांतही बहुधा डी-३ असतं, म्हणून पूर्ण आहारावर असलेल्या पिल्लाला तेही नको.

सात महिन्यांत मनापासून आवडलेली वस्तू एकच, ती म्हणजे टॉरिन या अमिनो आम्लाची साधी पावडर. ना रंग, ना वास. मांजराचं शरीर टॉरिन पुरेसं बनवू शकत नाही. ते मांस-मासळीतच असतं, धान्या-भाज्यांत जवळपास नसतं. त्याच्या कमतरतेनं मांजराचा दृष्टिपटल झिजतो हे १९७५ मध्ये समोर आलं. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी दाखवलं की हृदयाचे स्नायू ढिले पडून ते फुगण्याचा आजारही टॉरिन घटल्यानं होतो आणि टॉरिन दिलं की सुधारतो. डोळ्यांचं झालेलं नुकसान मात्र भरून येत नाही. हे सगळं हळूहळू होतं, म्हणून ‘आमचं मांजर तर ठणठणीत आहे’ यावरून काही ठरत नाही.

इंदूरच्या राजेंद्रनगर-लोकमान्यनगरातल्या कितीतरी मराठी घरांत मांजराला दूध-पोळीच मिळते, फार तर दहीभात. माया त्यात भरपूर असते, टॉरिन नसतं. वरून दुधातल्या साखरेनं जुलाब. ज्यांच्या घरी मांस शिजत नाही त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते: टॉरिन १८२७ मध्ये बैलाच्या पित्तातून पहिल्यांदा वेगळं केलं गेलं म्हणून त्याचं नाव तसं पडलं (लॅटिनमध्ये टॉरस म्हणजे बैल), पण बाजारात मिळणारी पावडर रासायनिक पद्धतीनं बनते. प्राण्यापासून काढलेली नसते. हात लावायला काही हरकत नाही. मात्र दूध-पोळीत टॉरिन टाकलं म्हणजे ती मांजराचा आहार होते असं नाही. प्रथिनं, प्राणिज चरबीतलं अ‍ॅराकिडॉनिक आम्ल, नायसिन हे सगळं तरीही कमीच पडतं. गाजरानंही भागत नाही, कारण बीटा-कॅरोटीनपासून व्हिटॅमिन अ बनवणं मांजराला जमत नाही. अशा घरांत पिल्लांचं तयार अन्नच आणावं.

टॉरिनचं माप असं. रोजच्या कॅलरींत घरचं खाणं दहाव्या भागाहून कमी असेल तर काहीच घालायची गरज नाही. निम्म्यापर्यंत उकडलेलं चिकन असेल तर दिवसाला २५० मिलिग्रॅम. जास्तीचं टॉरिन लघवीतून निघून जातं, त्यामुळे अ आणि ड सारखी धास्ती इथे नाही. १०० ग्रॅमची पुडी ४०० दिवस पुरते. थेंबांची बाटली दोन महिन्यांत संपायची. मोजायला सराफ्यात असतो तसा ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा घ्या. एकदाच आठवडाभराच्या पुड्या बांधून ठेवा. चिकन उकडलेलं पाणी फेकू नका, मांसातलं टॉरिन त्यातच उतरतं. ते गार झालं की खाण्यावर घाला, त्यातच पुडी विरघळवा. छातीपेक्षा मांडीच्या मांसात टॉरिन जास्त, शिवाय ते स्वस्तही पडतं.

बिनहाडाच्या चिकनमध्ये कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस भरपूर. नुसतं तेच खाल्लं तर पिल्लाचं शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढतं, पाय वाकतात, उडी मारताना हाड मोडतं. अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळा, तव्यावर कोरडी करा, मिक्सरमध्ये दळून मलमलीतून गाळा. शंभर ग्रॅम कच्च्या मांसाला ०.७ ग्रॅम, तेही काट्यावर. भरलेला चमचा पाच ग्रॅमच्या आसपास जातो. तयार पिल्लांच्या अन्नावर हे घालायचं नाही. पिल्लू पाय ओढत असेल, उचलल्यावर ओरडत असेल तर घरी कॅल्शियम सुरू न करता एक्स-रे काढून घ्या. जवळचा पशुवैद्य नसेल तर इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. सगळा आहारच घरी शिजवायचा असेल तर त्याचं सूत्र पशुवैद्याकडून वजनावर लिहून घ्यावं. टॉरिन आणि टरफलांची पूड एवढ्यावर तो पूर्ण होत नाही.

दुकानात आणखी काय बघायचं? ‘कुत्रा व मांजर’ दोघांसाठी असलेल्या गोळ्यांत यीस्टबरोबर लसूण असते का, ते वाचा. लसूण-कांद्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्याकडची लसूण शेवही त्यासाठीच वर ठेवा, पिल्लं सांडलेली शेव आवडीनं चाटतात. माणसांच्या बाळांचे सिरप नकोत: त्यात बऱ्याचदा लोह असतं, सोडियम बेन्झोएट हे टिकवण्याचं रसायन असतं, आणि मांजराच्या यकृताला बेन्झोएट लवकर बाहेर टाकता येत नाही. सुटं, उघड्या पोत्यातलं कोरडं अन्न स्वस्त दिसतं, पण उन्हाळ्यात त्यातली चरबी खवट होते, अ, ई आणि थायमिन घटतात. मग तीच कमी भरायला बाटली आणावी लागते. बंद पाकीट घ्या, पाकिटासकट स्टीलच्या डब्यात ठेवा, पाच-सहा आठवड्यांत संपवा.

थेंब पशुवैद्यानं लिहूनच दिले असतील तर काउंटरवरच खोका उघडून बघा. एका मिलीत व्हिटॅमिन अ आणि ड किती आययू हे छापलेलं नसेल तर ती बाटली परत करा. छापलेलं असेल आणि ड्रॉपरवर ०.५ ची रेघ नसेल, तर त्याच बिलावर ट्यूबरक्युलिन सिरिंज मागून घ्या.