लंडन की मेलबर्न?
कला-व्यवस्थापनाचं एमए लंडनच्या किंग्ज कॉलेजात वर्षभरात उरकतं. मेलबर्न विद्यापीठात साधारण दोन वर्षं, म्हणजे घरभाडंही दोन वर्षांचं. पण लंडनमध्ये सप्टेंबरात उतरलात की सामान लावेस्तोवर प्रबंधाचा विषय डोक्यावर! जमेची बाजू मात्र मोठी: कॉलेजच्या स्ट्रँड रस्त्यावरून वॉटर्लू पूल चालत ओलांडला की नॅशनल थिएटर, शेजारी साउथबँक सेंटर हे कलासंकुल. पैसा सरकारने द्यायचा, पण कोणाला ते सरकारने ठरवायचं नाही, ही ब्रिटनमध्ये कलेला अनुदान वाटणाऱ्या १९४६ च्या आर्ट्स कौन्सिलची रीत तिथे जवळून कळते. मेलबर्नला १८६१ ची नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरिया आहे, आणि सवड. नाटकाच्या तारखा, बुकिंग, दौऱ्याची बस ज्याने आधीच सांभाळलीय, त्याने लंडन घ्यावं. पाटी कोरी असेल तर मेलबर्न.