जुनी 20 एमएमची पिलर ड्रिल, आठ महिने वापरून: खरा घोळ चक आणि आर्बरच्या मध्ये

गेल्या आठवड्यात वखराच्या पासेला 12 एमएमचं भोक चालू असताना चक (बीट पकडणारा जबडा) आर्बरवरून (चक मशीनला जोडणारा दांडा) निसटला आणि बिटासकट टेबलावर आपटला. म्हणून हे सविस्तर लिहितोय. मशीन चुलत्यांच्या गॅरेजमधलं, 20 एमएमचं, पट्ट्यावर चालणारं, बिडाच्या अंगाचं. नेमप्लेट केव्हाच गेलेली. अशी मशीनं आपल्याकडे तालुक्याच्या गावात वेल्डिंगच्या दुकानांमागे पत्र्याखाली पडलेली असतात, त्यामुळे रचना समजावत बसत नाही.

आधीचं मत असं होतं की स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) वाकलाय. चकमध्ये 10 एमएमची डॉवेल पिन धरून, तोंडापासून 50 एमएम खाली डायल (डोल मोजायचं घड्याळ) टेकवली की काटा 0.30 एमएम फिरायचा. 10 च्या बिटाने पाडलेलं भोक साडेदहाच्या घरात जायचं, आणि 4 एमएमचे बीट तर सेंटर पंचाच्या खुणेवर टेकताच तुटायचे. सगळ्यांनी एकच सांगितलं, बेअरिंग बदला. बदलली. क्विलमध्ये (स्पिंडल धरून वर-खाली सरकणारी नळी) दोन 6204 नंबरची आणि खाली 51104 थ्रस्ट (उभा दाब घेणारं), वरच्या पुलीच्या स्लीव्हला दोन 6206. खर्च दीड हजाराच्या पुढे. डायल पुन्हा लावली तर 0.28.

बेअरिंग वाया गेली नाहीत, आवाज बराच कमी झाला. पण तपासणीचा क्रम उलटा झाला होता. बरोबर क्रम असा. चक आणि आर्बर दोन्ही काढा. स्पिंडलच्या आतल्या टेपरमध्ये (निमुळतं भोक) लिव्हर डायल घालून स्पिंडल हाताने फिरवा. इथे 0.02 आलं, म्हणजे स्पिंडल सरळ. मग नुसता आर्बर बसवून त्याच्या नाकावर डायल धरा. 0.03 आलं. चक चढवल्यावर 0.28. दोष कुठे आहे ते दहा मिनिटांत कळतं, पैसा न घालता.

दोष होता टेपरच्या जोडीत. जुना आर्बर एमटी-2 ते जेटी-33 (ही टेपरच्या मापांची नावं; पहिलं स्पिंडलकडचं, दुसरं चककडचं). नवा आणलेला चार सुती (अर्धा इंची) चक मात्र बी-16. जेटी-33 चं मोठं टोक 15.85 एमएम, बी-16 चं 15.73. फरक केसाएवढा, त्यामुळे चक सहज चढतो, ठोकला की घट्टही वाटतो. पण निमुळतेपणा वेगळा आहे. 24 एमएम लांबीत बी-16 सुमारे 1.2 एमएमने बारीक होतो, जेटी-33 दीड एमएमने. म्हणजे चकच्या तोंडाशी कडं आवळलं जातं आणि आत जवळजवळ 0.3 एमएमची पोकळी राहते. आर्बरला प्रशियन ब्लूचा (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) पातळ हात देऊन चक बसवून काढला तर निळं फक्त तोंडाशी, तीन-चार एमएमच्या पट्टीत उमटलं. आतला भाग कोरडा, चकचकीत. ते पाहिल्यावर आणखी काही मोजायची गरजच उरली नाही. तेवढ्या कड्यावर चक आठ महिने लटकत होता आणि दाब वाढल्यावर सुटला. इतके महिने धकला ते एवढ्याचसाठी की जोराचं काम मोटारीनेच होऊ दिलं नव्हतं. ते पुढे येतंच.

दुकानात "चार सुती चक" एवढंच सांगितलं की हातात पडेल तो देतात. टेपर चकच्या अंगावर ठोकलेला असतो: बी-16, जेटी-33, जेटी-6. जेटी-6 चं मोठं टोक 17.17 एमएम, तो लगेच वेगळा कळतो. गोंधळ पहिल्या दोघांचा. ठसा पुसलेला असेल तर जुना आर्बर सोबत न्या आणि ब्लू लावून तिथेच बघा. एमटी-2 ते बी-16 आर्बर 280 रुपयांना मिळाला आणि आउट (डोल) 0.28 वरून 0.06 वर आलं. दीड हजाराच्या बेअरिंगने जे झालं नाही, ते 280 च्या तुकड्याने झालं. हे आधी कळलं असतं तर चक पडून टेबलाला खोक पडली नसती.

बसवताना दोन्ही टेपर थिनरने पुसून पूर्ण कोरडे करा, तेलाचा थेंबही नको. चकचे जबडे पूर्ण आत ओढून घ्या. चक गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून कोरडा पुसा, आर्बर फ्रीजरमध्ये गार करा, आणि लाकडी ठोकळ्यावर दोन ठोके द्या. जबडे बाहेर ठेवून ठोकलं तर चक तिथेच संपला. चढवलेला चक काढायचा तर मागून दोन पाचरी समोरासमोर सरकवा, हातोडीने खालून मारू नका.

स्पिंडलच्या आतल्या एमटी-2 टेपरमध्ये चरे होते, कारण कधीतरी आर्बर आतल्या आत फिरलाय. एमटी-2 चा फिनिशिंग रीमर हाताने, तेल लावून, फक्त पुढच्या दिशेने फिरवला. चराची उभी कड तेवढी जायला हवी, चर नाही. मशीन चालू करून रीमर घालायचा मोह टाळा. टेपर एकदा बिघडला की स्पिंडल लेथवर नेण्याशिवाय इलाज नाही.

क्विलची परतीची स्प्रिंग उघडताना झाकण पकडीने घट्ट धरूनच स्क्रू सैल करा. घड्याळासारखी गुंडाळलेली पट्टी सुटली तर बोटं चिरते. बसवताना तीन-साडेतीन फेरे ताण पुरतो.

आता मोटार. इथला राग अजून गेलेला नाही. 1 एचपी सिंगल फेज, 1440 आरपीएम. रिवाइंडिंगला दिली, पैसे तांब्याचे घेतले, दोन महिन्यांत जळाली. तार कापून ब्लेडने इनॅमल खरवडलं तर खाली पांढरी, ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, तेवढ्याच खाचेत ती तार जास्त तापणारच. त्यात रब्बीला पंप सुरू झाले की गावठाणात व्होल्टेज 170 वर येतं आणि मोटारीचा जोर निम्म्याच्या जवळ घसरतो. दुकानदाराने हात वर केले. त्यामुळे मोटार देताना जुन्या तांब्याचं वजन लिहून घ्या, तारेचा गेज पावतीवर घ्या, आणि परत घेताना लीडचं टोक समोर खरवडून बघा. रिकामी चालवून क्लॅम्प मीटरचा आकडाही पावतीवर लिहून ठेवा, पुढच्या भांडणात तोच कामाला येतो.

या नुकसानीतून एक चांगली गोष्ट निघाली आणि मशीनबद्दलचं मतच बदललं. 1440 च्या जागी जुनी 960 आरपीएमची मोटार बसली. मोटारीवर अडीच इंची आणि स्पिंडलवर सात इंची पुली धरली तर सगळ्यात कमी वेग आधी 515 च्या आसपास होता, आता 343. कमानपट्ट्याच्या (गाडीच्या स्प्रिंगचा पट्टा) पोलादाला हाच फरक महत्त्वाचा. 12 च्या बिटाला 515 वर मिनिटाला 19 मीटर कटिंग स्पीड पडतं आणि साधा एचएसएस (हाय स्पीड स्टील) बीट निळा पडतो. 343 वर ते 13 मीटर होतं, एम-35 कोबाल्ट बीट सलग दाब ठेवला तर टिकतो. दाब सोडून बीट नुसता घासू दिला की खालचा थर कडक होतो आणि मग काहीच कापत नाही. पास किंवा मोगड्याचा फण असेल तर भोकाची जागा भात्यावर लाल करून रात्रभर राखेत पुरणं सगळ्यात स्वस्त. सकाळी साधा बीटही लोण्यासारखा जातो. भोक झाल्यावर पुन्हा पाणी द्यायला लोहाराकडेच न्या.

साध्या एमएसला (मऊ पोलाद) आरपीएमचा हिशेब: 318 गुणिले कटिंग स्पीड, भागिले बिटाचा व्यास. 25 मीटर धरा. 6 एमएमला सुमारे 1300, 10 ला 800, 20 ला 400. 20 चं भोक थेट नको, आधी 8 चं.

गंजाला फार पैसे घालू नका. सायट्रिक ॲसिड, लिटरला 50 ग्रॅम, एक रात्र. मग सोड्याच्या पाण्यात बुडवून लगेच डिझेलचा हात. स्प्रिंग आणि बेअरिंग यात घालू नका. टेबलाला आधीच्या लोकांनी पाडलेली भोकं तशीच ठेवली, बीड वेल्ड करायला गेलं तर तडकतं. पिलर आणि टेबलाला रंग लावू नका, फक्त तेल.

टेबल गुण्यात आहे का ते बघायला 6 एमएमचा गज काटकोनात वाकवून चकमध्ये धरा आणि चारही बाजूंना फिरवून फीलर (फट मोजायची पातळ पाती) घाला. इथे पुढे-मागे 0.4 चा फरक होता, टेबल आणि ते धरणाऱ्या ब्रॅकेटच्या मध्ये पितळी शिम (पातळ पट्टी) घालून 0.1 वर आणला. शिम एकाच बोल्टखाली नको, शेजारच्या दोन बोल्टांखाली अर्धी-अर्धी, नाहीतर आवळताना बीड तडकतं.

क्विल पूर्ण खाली आणून चक बाजूला ओढला तर 0.15 चा खेळ अजून आहे. हेडला आवळायचा बोल्ट नाही, त्यामुळे लेथवर बूश घालावं लागेल. पावसाळा संपल्यावर.